नाही म्हणायचं कुणी?

१९२४ साली बेबी पेगी पाच वर्षांची होती आणि अमेरिका तिला ‘मिलियन डॉलर बेबी’ म्हणून ओळखत होती. निर्माता सोल लेसर याच्याशी झालेल्या करारानं तिची कमाई वर्षाला १५ लाख डॉलरवर नेली होती. तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या दुकानांत होत्या, तिच्या नावाचे दागिने होते, इतकंच काय, तिच्या नावावर दूधही विकलं जात होतं. चाहत्यांच्या पत्रांचा आकडा १२ लाखांपुढे गेला होता. पुढे सिनेमा सुटला आणि ही मुलगी गावोगावच्या नाट्यगृहांतून व्हॉदव्हिलचे, म्हणजे नाचगाणी आणि नकलांचे, खेळ करत फिरू लागली. त्या दिवसांत दर खेळामागे तिच्या हातावर पाच सेंटचं एक नाणं टेकवलं जायचं. बाकी सगळा व्यवहार आईवडिलांकडे. घरं, मोटारी, उंची कपडे यांत पैसा वाहून गेला. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा पुढच्या आयुष्यासाठी एक छदामही बाजूला पडला नाही.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती हळहळत सांगतात. बिचारी पोर, आणि काय ते आईबाप! मला या हळहळीचाच वैताग येतो. हळहळायचं म्हटलं की एक खलनायक लागतो आणि तो सापडला की आपण मोकळे होतो. माझं म्हणणं असं की पेगीच्या आजूबाजूला ज्याचं पोट तिच्या कामावर चालत नाही असा एकही मोठा माणूस नव्हता. निर्माता, दिग्दर्शक, आई, बाप, सगळ्यांची चूल तिच्या जिवावर पेटत होती. त्यामुळे ‘आज पुरे, पोर दमलीय’ असं म्हणायला कुणी उरलंच नव्हतं. बालकलाकारांसाठीचे कायदे तेव्हापासून आजवर प्रामुख्यानं पैसे मोजत आले, कारण पैसे मोजता येतात. नाही म्हणू शकेल असा माणूस सेटवर उभा करणं हॉलिवूडला अर्धवटच जमलं. आपण तर अजून त्या दिशेला तोंडही केलेलं नाही.

पेगी-जीन माँटगोमेरीचा जन्म २९ ऑक्टोबर १९१८चा, सॅन दिएगोचा. बाप जॅक हा खराखुरा काउबॉय, गुराघोड्यांत वाढलेला. त्याच्यासारखे बरेच जण त्या काळात हॉलिवूडकडे वळले होते, कारण वेस्टर्न सिनेमांना घोड्यावर मांड ठोकता येणारी माणसं हवी होती. टॉम मिक्ससारख्या नटाच्या बदल्यात उडी मारायची, पडायचं, खरचटलेलं पुसायचं आणि दिवसाचा रोज घेऊन घरी जायचं. पेगी १९ महिन्यांची असताना तिची आई गर्दीच्या दृश्यांत एक्स्ट्राचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर तिला घेऊन सनसेट बुलेव्हार्डवरच्या सेंच्युरी स्टुडिओत गेली. दिग्दर्शक फ्रेड फिशबॅक तेव्हा ब्राउनी नावाच्या कुत्र्याच्या जोडीला शोभेल असं मूल शोधत होता. त्यानं पाहिलं की एवढ्या गडबडीत हे पोर सांगितल्या जागी गप्प बसून आहे. काम मिळालं. पुढच्या तीनेक वर्षांत सेंच्युरीसाठी तिचे दीडशेच्या आसपास छोटे विनोदी चित्रपट झाले.

आता तिच्यात नेमकं काय हेरलं गेलं? अभिनय? दीड वर्षाच्या बाळाला कसला अभिनय! हेरलं गेलं ते तिचं ऐकणं. जॅकनं पोरीला अशी शिस्त लावली होती की त्यानं सांगायचा अवकाश, तिनं ते ताबडतोब करायचं. का विचारायचं नाही, कुरकुर करायची नाही. त्याला याचा अभिमान होता आणि लेकीच्या यशाचं श्रेय तो उघडपणे या आज्ञाधारकपणालाच द्यायचा. ‘किती गुणी पोर, एका शब्दात ऐकते हो’ हे कौतुक आपल्याही घरांत रोजचं आहे, आणि घरापुरतं ते चालूनही जाईल. पण हेच ऐकणं जेव्हा विकायचा माल होतं, तेव्हा मुलाकडून काय काढून घेतलं जातं ते बघा. दुखलं की ओरडायचं, भीती वाटली की पळायचं, नको असलं की भोकाड पसरायचं. लहान जिवाकडे स्वतःला वाचवायला एवढंच तर असतं. तेच मोडून काढलं की मूल ‘व्यावसायिक’ होतं.

याचा अर्थ काय ते १९२३च्या ‘द डार्लिंग ऑफ न्यूयॉर्क’ या चित्रपटाच्या वेळी दिसलं. प्रसंग आगीचा. खोलीच्या सेटवर रॉकेल ओतलेलं. चार वर्षांच्या पेगीनं एकटीनं त्या जळत्या खोलीत राहायचं आणि ठरलेल्या दारानं बाहेर पडायचं. आग भडकली आणि ठरलेलं दारच पेटलं. ती खिडकीवर चढून कशीबशी बाहेर आली. दुसऱ्या एका चित्रपटासाठी तिला समुद्राच्या पाण्याखाली धरून ठेवलं होतं, शुद्ध हरपेपर्यंत. आणखी एकात रेल्वेच्या डब्याखालून प्रवास. बहुतेक कसरती तिच्या तिनंच केलेल्या. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला आठ तास काम. शाळेचं तर नाव नाही.

बापाला हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण उंचावरून पडणं, आगीजवळ उभं राहणं हा त्याच्या लेखी रोजगार होता. तो स्वतः तेच करून कमावत आला होता. शिवाय घरात एक विचित्र उलथापालथ झाली होती. बापापेक्षा पोरीची मिळकत कितीतरी पट अधिक, आणि बापाचा धंदा आता पोरीला कामावर नेणं-आणणं हाच. अशा माणसाला उद्या सकाळी ‘हा शॉट माझी मुलगी देणार नाही’ असं म्हणायचं असेल, तर तो स्वतःच्याच नोकरीवर पाणी सोडत असतो. जॅक निर्मात्याला ठणकावून नाही म्हणाला तो प्रसंग १९२५चा, लेसरबरोबरचा, आणि भांडण होतं मानधनावरून. करार मोडला, स्टुडिओंची दारं बंद झाली, आणि सहा-सात वर्षांची ही ‘निवृत्त’ नटी व्हॉदव्हिलच्या दौऱ्यांवर निघाली. टॉन्सिल सुजलेले असतानाही खेळ चुकवायची मुभा नव्हती. उरलासुरला पैसा बापाच्या व्यवहारातल्या भागीदारांनी आणि मग १९२९च्या मंदीनं खाल्ला. १९३०च्या दशकात हे कुटुंब परत हॉलिवूडला आलं तेव्हा पेगी गर्दीच्या दृश्यांत एक्स्ट्रा म्हणून उभी राहत होती.

तिनं १९२४ साली केलेला ‘कॅप्टन जॅन्युअरी’ हा चित्रपट १९३६ साली पुन्हा निघाला, बोलपट म्हणून. तिची ती जुनी भूमिका या खेपेला केली शर्ली टेंपलनं.

बालकलाकारांच्या बाजूनं बोलणारे नेहमी शर्लीचं नाव पुढे करतात, आणि ते स्वाभाविक आहे. १९३५ ते १९३८ अशी सलग चार वर्षं अमेरिकेतल्या तिकीटबारीवर तिच्यापुढे कुणी नव्हतं. पुढे ती घानामध्ये आणि मग चेकोस्लोव्हाकियात अमेरिकेची राजदूत झाली. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेबद्दल १९७२ साली, जेव्हा बायका त्याविषयी कुजबुजतही नसत, तेव्हा तिनं जाहीरपणे सांगितलं. मोडून पडलेली बाई असं काही करत नाही. घरही चांगलं. वडील जॉर्ज बँकेतले, आई गर्ट्रूड जिवाला जीव देणारी. लेकीच्या डोक्यावरच्या ५६ बटा ती स्वतः मोजून वळायची. सेटवरही आईच सोबत.

तर या चांगल्या घरातल्या मुलीचं काय झालं? सिनेमात पाऊल ठेवलं तेव्हा ती अजून चार वर्षांचीही नव्हती. त्या सुरुवातीच्या छोटेखानी विडंबनपटांच्या सेटवर दंगा करणाऱ्या पोरांना शिक्षा म्हणून एका काळ्या, बिनखिडकीच्या पेटीत बसवत. आत बर्फाची लादी ठेवलेली असे. शर्लीनं आत्मचरित्रात हे सांगितलं आहे, आणि वेळ म्हणजे पैसा हा धडा आपण तिथे शिकलो असंही लिहिलं आहे. फॉक्स स्टुडिओनं तिचं वय एक वर्षानं कमी करून जगाला सांगितलं. तिला स्वतःलाही खरं वय कळलं ते बारा-तेराव्या वर्षी. लग्नकार्य होऊन गेल्यावर, २२व्या वर्षी तिनं हिशोब मागितला. सुमारे ३२ लाख डॉलर कमावले होते. तिच्या नावे उरले होते ४४ हजार. बाकी घरखर्चात आणि बँकेतली नोकरी सोडून तिचा कारभार बघणाऱ्या वडिलांच्या फसलेल्या गुंतवणुकांत गेलं होतं. तिनं वडिलांना दोष दिला नाही. तो तिचा मोठेपणा. आपण मात्र त्या मोठेपणाआड लपायचं कारण नाही.

कारण माझा मुद्दा पेगीपेक्षा शर्लीवरूनच जास्त पक्का होतो. पेगीच्या बाबतीत बाप रांगडा, अडाणी, उधळ्या असं म्हणून सुटता येतं. शर्लीचे वडील तर बँकवाले! प्रेमळ, सुशिक्षित, हिशोब कळणारे आईवडील असूनही जर शेवटी तेच होत असेल, तर चूक माणसांच्या निवडीत नाही. पालक, मॅनेजर आणि लाभार्थी या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसवला, की तो कितीही भला असला तरी तिसरी खुर्ची पहिल्या खुर्चीला गप्प करते.

‘त्या काळात पोरं गिरण्यांत, शेतात राबत होतीच की, ही तर मऊ गालिच्यावर होती’ हा एक ठरलेला आक्षेप. तो जरा तपासू. २५ जून १९३८ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टवर सही केली. कारखान्यांतल्या बालमजुरीला देशभर खऱ्या अर्थानं चाप लावणारा हा कायदा. त्याच कायद्यात सिनेमा आणि रंगभूमीवरच्या बालकलाकारांना सूट देण्यात आली. लोक त्या सवलतीला शर्ली टेंपलच्याच नावानं ओळखू लागले. हेच रूझवेल्ट १९२४ साली न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात व्यासपीठावर होते आणि पक्षाची शुभचिन्ह म्हणून शेजारी झेंडा हलवत उभी होती ती बेबी पेगी. आणि कायद्यावर सही झाल्यानंतरच्या जुलैत रूझवेल्टांच्या हाइड पार्कच्या घरी पाहुणी होती शर्ली. तिथे तिनं जवळच्या गलोलीतून एलेनॉर रूझवेल्टबाईंना मागून खडा मारला. (मला तिच्या सगळ्या आठवणींत ही सर्वांत आवडते. कुणी शिकवलेली, बसवलेली नसलेली एक तरी गोष्ट त्या पोरीनं केली.) सांगायचं असं की, कायदा करणाऱ्यांना गिरणीतलं मूल मजूर दिसलं आणि पडद्यावरचं मूल गोड दिसलं. गोडव्यामागचे आठ तास कुणी मोजले नाहीत. गिरणीतल्या पोराला निदान दमलेलं दिसायची परवानगी होती. यांना दमूनही हसायचं होतं.

पैशाचा प्रश्न मात्र त्याच वर्षी चव्हाट्यावर आला. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’मधला पोरगा जॅकी कूगन आता सज्ञान झाला होता. तीस-चाळीस लाख डॉलर त्यानं लहानपणी मिळवले होते. वडील १९३५ साली मोटार अपघातात गेले. आई आणि सावत्र वडिलांकडे पैसे मागितले तर उत्तर मिळालं की मुलानं कमावलेलं कायद्यानं आईबापाचंच. दुर्दैवानं ते खरं होतं. अल्पवयीन मुलाच्या कमाईवर पालकांचा हक्क हाच तिथला रूढ कायदा होता. १९३८ साली त्यानं खटला भरला आणि अखेर हाती पडले १ लाख २६ हजार. या प्रकरणाची एवढी बोंब झाली की १९३९ साली कॅलिफोर्नियानं ‘कूगन कायदा’ केला.

या कायद्याची तारीफ सगळे करतात; त्याची यंत्रणा क्वचितच कुणी उलगडून पाहतं. अल्पवयीन मुलाचा करार तो सज्ञान झाल्यावर मोडू शकतो, ही स्टुडिओंची खरी धास्ती. कोर्टाकडून कराराला मंजुरी घेतली की तो मोडता येत नाही. कूगन कायद्यानं कोर्टाला अधिकार दिला की अशी मंजुरी देताना कमाईतला काही भाग मुलाच्या नावे ठेवायला सांगावं. म्हणजे राखीव रक्कम कोर्टात गेलेल्या करारांपुरतीच, आणि कोर्टात जायचं की नाही हे ठरवणार मोठी माणसं. मुलाला थोडे पैसे मिळाले, स्टुडिओला न मोडणारा करार मिळाला. वाईट सौदा नव्हे. पण त्याला मुलांच्या हक्काची सनद म्हणायचं तर जीभ अडखळते. मुलाची कमाई ही मुलाचीच मालमत्ता, आणि किमान १५ टक्के थेट त्याच्या विश्वस्त खात्यात, कोर्ट असो वा नसो, एवढी साधी दुरुस्ती लागू व्हायला २००० साल उजाडावं लागलं.

आणि समजा पैन् पै मुलाला मिळाली, तरी प्रश्न संपतो का? मार्गारेट ओब्रायन या मुलीचा दाखला घ्या. एमजीएम स्टुडिओची ही बालनटी रडण्यासाठी नावाजलेली. १९४४च्या ‘मीट मी इन सेंट लुइस’मध्ये ती हुंदके देत अंगणातल्या बर्फाच्या बाहुल्या फोडते, तो प्रसंग आजही बघवत नाही इतका खरा आहे. ते रडू कसं काढलं? दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली यांनी लिहिलं की, तुझ्या कुत्र्याला मारून टाकणार आहेत असं आपण तिला सांगितलं. मार्गारेटबाईंनी मोठेपणी हे साफ नाकारलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आई एवढंच म्हणायची की, तुला नसेल जमत तर मेकअपवाला खोटे अश्रू लावून देईल, पण ती नटी जून ॲलिसन बघ, तिला खरे येतात. सात वर्षांच्या पोरीच्या मानी स्वभावाला एवढं पुरायचं. यातली कुठली हकीकत खरी, यावर सिनेरसिक वाद घालतात. मला दोन्हींत एकच गोष्ट दिसते. कॅमेरा तयार आहे, दिव्यांचं मीटर चालू आहे, आणि त्या दहा मिनिटांत मुलीच्या डोळ्यांत पाणी यावं यात हजर असलेल्या प्रत्येकाचं हित आहे. दुसरी हकीकत पहिलीपेक्षा सौम्य आहे खरी, पण ती सौम्य निघाली हा आईच्या स्वभावाचा योगायोग. तिथल्या कुठल्या नियमानं ते ठरवलं नव्हतं.

मार्गारेटबाई स्वतः त्या दिवसांबद्दल प्रेमानं बोलतात, हेही नोंदवायला हवं. मुलांना अभिनय आवडतो. मुलांशिवाय सिनेमा काढा म्हणणं हा वेडेपणा ठरेल, आणि मी बंदी मागत नाही. मी मागतो ती फक्त एक अशी व्यक्ती, जिला त्या रडण्यातून काही मिळायचं नाही.

कॅलिफोर्नियानं तसा प्रयत्न केलाही. तिथे स्टुडिओ टीचर म्हणून सरकारमान्य शिक्षक असतात. अभ्यास घेण्याबरोबरच १६ वर्षांखालच्या मुलाची प्रकृती, सुरक्षितता हीही त्यांची जबाबदारी, आणि धोका दिसला तर मुलाला सेटवरून बाजूला घेण्याचा अधिकारही त्यांना आहे. कल्पना उत्तम. फक्त त्यांचा पगार निर्माता देतो. एकदा शूटिंग थांबवणाऱ्या शिक्षकाला पुढच्या चित्रपटाला बोलावणं येईल का, हे कुणीही ओळखावं. तरीही हा आजवरचा सर्वांत शहाणा उपाय मानावा लागेल. निदान कागदावर तरी त्यात पैशाऐवजी ‘थांबवण्याचा’ विचार आहे.

आपल्याकडे चित्रपट आणि मालिकांची राजधानी मुंबई, त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला चुकवता येत नाही. मास्टर विनायक १९४७ साली गेले तेव्हा त्यांची लेक नंदा आठ वर्षांची होती. घर चालवण्यासाठी ती ‘बेबी नंदा’ म्हणून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आपण ही गोष्ट सांगताना ‘पोरीनं घर सावरलं’ असं अभिमानानं सांगतो. तिच्या कर्तृत्वाबद्दल शंका नाहीच. पण आठ वर्षांच्या मुलीवर घर सावरायची पाळी येते तेव्हा आजूबाजूचा अख्खा चित्रपट व्यवसाय काय करत होता, हे विचारायची आपल्याला सवय नाही. अंधेरीतल्या ऑडिशनच्या रांगांत आजही डबा, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे घेऊन उभ्या असलेल्या आया पाहिल्या की वाटतं, यांतली एकही वाईट नाही. आणि उद्या काम लागलं तर यांतली एकही दिग्दर्शकाला थांबवू शकणार नाही.

नियम नाहीत असं नाही. २०१६ साली बालमजुरीचा कायदा बदलला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना जवळजवळ सगळीकडे बंदी झाली. कलाकार म्हणून मात्र सूट मिळाली, तीही सर्कस वगळून. २०१७च्या नियमांत पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि किमान २० टक्के उत्पन्न मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, असं सगळं लिहिलेलं आहे. वाचायला छान. पेगीला यातलं निम्मं जरी मिळालं असतं तरी तिचं आयुष्य वेगळं झालं असतं.

पण याच नियमांत, मुलाच्या सुरक्षिततेला जबाबदार कोण, तर निर्मितीसंस्थेतलाच एक माणूस, ज्याचं नाव निर्मात्यानं कळवायचं. पाच मुलांमागे असा एक. त्याचा पगार कोण देणार हे वेगळं सांगायला नको. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेऊ नये असंही कलम आहे, पण ती इच्छा विचारायची कुणी? पालकांची संमती जोडलेली असते, म्हणजे पुन्हा तीच खुर्ची. उरलेल्या ८० टक्क्यांचं काय झालं हे मूल १८ वर्षांचं झाल्यावर कुणाला विचारू शकतं, याचा उल्लेख नाही. मुलासाठी आईनं किंवा वडिलांनी नोकरी सोडली असेल तर त्यांनी पगार घ्यावा, माझी हरकत नाही. पण तो पगार म्हणून, ठरवून, लिहून घ्यावा. सगळं एकाच पिशवीत टाकून वर ‘त्याच्यासाठीच तर करतो’ म्हणणं, हीच जॉर्ज टेंपलची वाट आहे.

मोबाइलनं तर हा गुंता स्वयंपाकघरापर्यंत आणला आहे. तिथे स्टुडिओ नाही, शिक्षक नाही, परवानगी नाही. आईच दिग्दर्शक, बापच कॅमेरामन, आणि चार वर्षांची पोर तीच उडी सातव्यांदा मारतेय, कारण सहाव्यांदा उजेड नीट नव्हता. मुलांनी शाळेनंतर घरच्या उद्योगात हातभार लावायला आपला कायदा सूट देतो. ती लिहिताना डोळ्यांसमोर किराणा दुकान किंवा शेत असणार. घरचा उद्योग म्हणजे मूलच, असा प्रसंग तेव्हा कुणाच्या डोक्यात नसावा. अमेरिकेत इलिनॉयनं जुलै २०२४पासून अशा व्हिडिओंच्या कमाईत मुलांचा वाटा ठेवणं बंधनकारक केलं, आणि कॅलिफोर्नियानंही कूगन कायदा तिकडे ताणला. म्हणजे पुन्हा पैसेच. पण सुरुवात तरी झाली.

बेबी पेगीचं पुढे काय झालं, असा प्रश्न कुणाला पडला असेल. तिनं ते नाव टाकून दिलं. डायना सेरा केरी या नव्या नावानं टेलिफोन एक्स्चेंजवर, पुस्तकांच्या दुकानात नोकऱ्या केल्या, आणि शाळेला मुकलेली ही बाई हॉलिवूडच्या बालकलाकारांची इतिहासकार झाली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी वयाच्या १०१व्या वर्षी ती गेली. मूकपटांच्या जमान्यातल्या ताऱ्यांपैकी ती अखेरच्यांतली. तिनं केलेले बहुतेक चित्रपट मात्र तिच्या कितीतरी आधी नाहीसे झाले होते.

खर्च वाढेल, निर्माते ओरडतील, हे मला माहीत आहे. भारतात चित्रपटात कुत्रा, घोडा वापरायचा असेल तर पशुकल्याण मंडळाची आधी परवानगी काढावी लागते, आणि नंतर त्यांचं ना-हरकत पत्र असल्याशिवाय सेन्सॉर प्रमाणपत्राची वाट मोकळी होत नाही. निर्माते कुरकुरत का होईना, ते करतात. बजेटमध्ये त्याची तरतूद असते. मुलाच्या बाबतीत मात्र कुठलंही शोषण होऊ नये याची काळजी घेतली आहे, असं निवेदन निर्मात्यानं स्वतःच पडद्यावर दाखवायचं. स्वतःच्या चांगुलपणाचा दाखला स्वतःच द्यायचा! प्रत्येक बालकलाकारामागे निर्मात्याकडून दिवसाचा ठरावीक आकार घ्यावा, तो जिल्हा पातळीवरच्या एका निधीत जावा, आणि त्या निधीतून पगार घेणारी व्यक्ती सेटवर हजर असावी. तिच्या सहीशिवाय दिवसाचं काम संपलं असं धरू नये, आणि तिनं थांबवलं तर पाच तास पुरे व्हायच्या आतही थांबावं. घोड्याला लागू होणारी निम्मी काटेकोरी एवढ्यानंच साधेल.